ही गळती न्हाय, आबा

भूमच्या बाजारात डिस्क ब्रेकची मोटरसायकल सगळ्यात आधी कुणी खोलली आसंल, तर ती म्या. जोडली मात्र बार्शीच्या मिस्त्रीनं, तीबी म्या समदे पार्ट पोत्यात भरून त्याच्या दारात नेऊन वतल्यावर.

दिवाळी अंकवाले सर म्हणले, "बबन मिस्त्री, धंद्यातला अनुभव लिहा." म्हणलं, सर, म्या चौथीपतुर शिकलेला माणूस, तीबी दोनदा बसून. मला पाना धरता येतो, पेन धरला की बोटं पेनाचे आटे शोधाया लागत्यात. ते म्हणले, "तुमी बोला, आमी उतरून घेतो." तर म्या बोलतोय. इंजनाच्या मोठ्या गोष्टी ऐकायच्या आसतील तर दुसऱ्या मिस्त्रीला गाठा. म्या एका स्क्रूची गोष्ट सांगणार हाय.

ज्यांना गाडीतलं कळत न्हाय त्यांच्यासाठी आधी सोपं करून सांगतो. जुन्या गाडीचा ब्रेक वायरनं वढायचा. डिस्कला वायर न्हाय. हँडलवर एक डबी, डबीत ब्रेक ऑइल, तिथनं नळी खाली चाकापशी. चाकाला ताटासारखी चकती आसती, ती डिस्क. तिला दोन्ही अंगानं धरणारा चिमटा, तो कॅलिपर. वर लिव्हर दाबली की ऑइल खाली रेटतं, चिमटा चकती धरतो, गाडी थांबती. एवढंच. पण नळीत हवा शिरली की सगळा खेळ बिघडला. जनावराच्या डॉक्टरच्या पिचकारीत हवा राहिली तर दट्ट्या दाबला तरी औषध पुढं सरकत न्हाय, हवाच दबती. तसंच हे. लिव्हर पावावाणी मऊ लागती, पार हँडलला जाऊन टेकती, आन् गाडी चाललेली चाललेलीच.

ती हवा काढायला कॅलिपरला एक बारका स्क्रू ठिवलेला आसतो. त्याला ब्लीडर म्हणत्यात. करंगळीच्या पेराएवढा, आतनं पोकळ, टोकाला पेन्सिलीवाणी निमुळता. वर धूळ जाऊ न्हाय म्हणून रबराची टोपी. आमच्याकडं त्या टोप्या गाडीच्या पहिल्या धुण्यातच जात्यात, कुठं जात्यात ते आजपतुर कुणाला घावलेलं न्हाय.

हवा काढायला दोन माणसं लागत्यात. एक वर लिव्हर दाबाया, एक खाली पाना धराया. माझ्याकडं दुसरं माणूस म्हणजे माझी मंडळी, चंद्रकला. आमचं एकच शटर हाय. अर्ध्यात माझे पाने, अर्ध्यात तिची शिलाई मशीन. ब्रेकची गाडी आली की ती पोलकं अर्धं सोडून उठायची, हात पुसायची आन् लिव्हरला धरायची. म्या खालनं म्हणायचो, "दाब, दाब, दाब. धर." तिनं धरलं की म्या ब्लीडर पाव फेरा खोलायचा, बुडबुडे भाईर, झटक्यात बंद, मग म्हणायचं, "सोड." बंद करायच्या आधी तिनं सोडलं तर भाईरची हवा परत आत.

"तुमी बंद केला का?"

"केला की."

"न्हाय केला. लिव्हर अजून खाली चाललीया."

आता बघा, पाना माझ्या हातात, ब्लीडर माझ्या नाकापुढं. तरी तो उघडा हाय का बंद हे तिला वरनं कळायचं आन् मला खालनं कळायचं न्हाय. गिऱ्हाईक उभं आसलं की म्या म्हणायचो, "बाईमाणसाला काय कळतंय त्यातलं," आन् गुपचूप अजून एक पीळ द्यायचो.

पहिली दोन वर्सं माझा मोठा शत्रू म्हणजे थेंब. हवा काढून झाली, ब्लीडर आवळला, पुसला, गिऱ्हाइकाला चावी दिली, की ब्लीडरच्या डोक्यावर एक थेंब हजर. मला वाटायचं, गळतंय. मग अजून आवळायचा. परत थेंब. अजून आवळायचा. ब्लीडर हा काय नांगराचा बोल्ट न्हाय. पोकळ जीव. कट्ट करून डोकं माझ्या पान्यात आन् धड कॅलिपरमधी. आसे म्या किती मोडले ते सांगत न्हाय, पण एका गुरुजींचा मोडला तवा ते म्हणले, "बबन, तू शाळेतबी आसंच करायचास. बरोबर आलेलं उत्तर खोडून परत लिहायचास." गुरुजी मला शिकवायला व्हते ह्याचा मला त्या दिवशी लई राग आला.

शेवटी बार्शीच्या चाँदभाईनं डोळे उघडले. हेच ते, ज्यांच्यापुढं म्या पोतं वतलं व्हतं. म्हातारा माणूस, पान खाऊन बोलायचा. म्हणला, "अरे बबन, ये लीक नै रे. इसके पेट में बचा हुआ तेल है. पोकळ है ना ये? पोंछ डाल, चाय पी के आ, फिर देख."

म्या पुसलं. च्या पिऊन आलो. थेंब न्हाय. ब्लीडरच्या पोटात राहिलेलं ऑइल भाईर यायचं आन् म्या त्याला गळती समजून त्याची मान मोडत व्हतो.

आता माणसाला एक गोष्ट नवी कळली की त्याचं काय व्हतं ते मला इचारा. म्या त्या दिवसापसनं प्रत्येक थेंबाला ओळखायला लागलो. कुणीबी गाडी लावून म्हणलं, "मिस्त्री, इथं वल दिसतीया," की म्या वाकायच्या आधीच म्हणायचो, "ही गळती न्हाय. पोटातलं राहिलेलं हाय." गिऱ्हाईक खूश, म्या खूश. वाकायचं बंद झालं, कंबर वाचली. लोक म्हणायला लागले, बबन मिस्त्री उगं काम काढत न्हाय, इमानदार माणूस. खरं म्हणजे म्या इमानदार न्हवतो, बघतच न्हवतो.

आशात उत्तरेश्वर आबा आले.

आबांचं गाव भूमपसनं दोन कोसावर, उतार उतरून वढ्याच्या पल्याड. घरची चांगली शेती. आयुष्यभर बैलं हाकली. एकदा बैलानं त्यांच्या उजव्या पायावर पाय दिला, तवापसनं त्या पायाची बोटं वाकत न्हाईत. मोटरसायकलचा मागचा ब्रेक उजव्या पायाला आसतो. म्हणून आबांनी बैलं गेल्यावर गाडी घेतली ती मुद्दाम पुढं डिस्क आसलेली. म्हणले, "पाय बैलाला दिला, आता हात गाडीला देतो." म्हणजे आबांना ब्रेक एकच. हाताचा. ही गोष्ट मला ठाऊक व्हती. पहिल्या दिवसापसनं त्यांच्या गाडीला माझ्याबिगर कुणाचा हात लागलेला न्हवता.

त्या उन्हाळ्यात आबा आले, गाडी लावली, खाली बोट दाखवलं. "बबन, हितं वलावलं लागतंय रे."

म्या टायर बदलत व्हतो. तिथनंच म्हणलं, "ही गळती न्हाय, आबा. पोटातलं राहिलेलं हाय."

"आरं पण ऑइल बदलून लई दिवस झालं की. अजून पोटात राहिलंय?"

"आबा, तुमी बैलं हाकायची माणसं. हे मशीनचं हाय."

आबांनी गाडीची चावी फिरवली. म्हणले, "तू म्हणतोस म्हणल्यावर झालं." आन् गेले. चंद्रकलेनं मशीनवरनं एकदा मान वर केली, परत खाली घातली.

मग पोळा आला. आबांच्या दावणीला आता बैल न्हाय, पण पोळा कसा सोडायचा? आबांनी पोळ्याच्या आदल्या सांजंला, खांदमळणीला, मोटरसायकल आंगणात धुतली, बैलाच्या खांद्याला चोळत्यात ते हळद-तूप हँडलला चोळलं आन् बैलाला म्हणत्यात तसं गाडीला म्हणले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या." दुसऱ्या दिवशी आरशाला बेगड, हेडलाइटला झूल, आन् शिंगाला लावायचा तांबडा ऑइल पेंट उरलेला तो ब्रशनं कॅलिपरला. का तर म्हणले, गाडीला शिंग न्हाय, पण अडवणारं आंग तेच हाय. माझ्या धंद्यातल्या कुणी कॅलिपरचं इतकं नीट वर्णन केलेलं म्या आजपतुर ऐकलं न्हाय.

आठ दिसांनी आबा गाडी घेऊन आले. कॅलिपरचा रंग फुगला व्हता. ब्लीडरपसनं खाली एक पट्टा सगळा सोलून निघालेला, आतलं लोखंड उघडं.

"बबन, रंग का गेला रे? बैलाच्या शिंगावर दिवाळीपतुर टिकतो."

म्या बघितलं. बघितलं म्हणजे उभ्यानंच बघितलं. म्हणलं, "आबा, रंग कुणी लावाया सांगितलं व्हतं? कॅलिपर तापतं, रंग फुगणारच. आन् हळद-तूप डिस्कला लागलं आसंल."

"तूप हँडलला लावलं. खांदा कुठं आसतो तेवढं कळतंय मला."

तेवढ्यात मशीनवरनं आवाज आला. "अवो, तुमच्या ब्रेक ऑइलच्या फडक्यानं माझ्या मशीनचा रंग गेलता की. आसाच. फोड येऊन."

हे खरं व्हतं. एकदा तिनं हातात येईल ते फडकं घेऊन मशीन पुसली आन् मशीनवरच्या सोनेरी वेलीचं पान न पान उठून आलं. त्यापायी आमच्यात दोन दीस बोलणं बंद व्हतं. ब्रेक ऑइल रंग खातं, हे आमच्या घरात माझ्यापेक्षा तिला जास्त पाठ. जिथं रंग सोलला तिथनं ऑइल वाहतंय, हे लहान लेकराला दिसलं आसतं. पण गिऱ्हाइकापुढं बायकोनं शिकवलेलं कसं गिळायचं? म्या म्हणलं, "तू तुझी काजं कर."

हँडलवरची डबी बघितली तर ऑइल खाली गेलेलं. म्या वरनं भरून दिलं. आता, गळत न्हाय तर खाली कसं गेलं, हा सवाल म्या सवताला इचारला न्हाय. इचारला आसता तर उत्तर द्यावं लागलं आसतं.

पुढच्या बाजाराला आबा भाजी घेऊन घरी निघाले. उतारावर लिव्हर दाबली, ती मऊ. परत दाबली, हँडलला टेकली. उजव्या पायानं मागचा दाबाया गेले, बोटं वाकंनात. खाली पुलावर शाळा सुटलेली लेकरं. आबांनी बैल वळवावा तशी गाडी डाव्या अंगाला घातली आन् कुणाच्यातरी उकिरड्यात गुडघ्यापतुर जाऊन थांबले. लागलं न्हाय. पण तो उकिरडा तिथं नसता तर आज म्या हा अनुभव तुमाला सांगत नसतो. सांगायला तोंडच राहिलं नसतं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा पोरगा तानाजी गाडी पिकअपमधी घालून आला. आबा आले न्हाईत.

"मिस्त्री, दुरुस्त करून ठिवा. एकानं मागितलीया, इकून टाकतो. आबांकडनं चावी काढून घेतली. त्यांचा हात आता चालत न्हाय."

"लागलं का काय आबांना?"

"लागलं न्हाय. पण रंग लावत्यात, तूप लावत्यात, गाडीला आवतन देत्यात. आता आसल्या माणसाच्या हातात गाडी द्यायची का? तुमीबी त्यांना रंगावरनं, तुपावरनं बोललात म्हणं."

म्या म्हणायला पायजे व्हतं, थांब जरा. पण म्या मुंडी हालवली. तीबी न्हाय म्हणून न्हवं, व्हय म्हणून.

"कालपसनं वसरीला बसलेत," तानाजी म्हणला. "कुणासंगं बोलत न्हाईत. म्हणलं कुठं जायचं आसंल तर सांगा, म्या सोडतो. तर म्हणले, मला कुठं जायचं न्हाय."

तो गेला. म्या गाडीपशी बसलो. ह्या टायमाला खरंच बसलो, मांडी घालून. ब्लीडर खोलला. भाईर आला तवा त्याच्या निमुळत्या टोकाला काहीतरी पांढरं चिकटलेलं. चिमट्यानं वढलं तर लांब व्हत गेलं. नळाच्या आट्याला गुंडाळत्यात ती टेप.

ती टेप म्याच घातलेली. मागच्या साली ऑइल बदलताना ब्लीडरचे आटे जरा सैल वाटले म्हणून टेपचे दोन वेढे दिलते. लई हुशारी वाटली व्हती तवा. पण ऑइलला आटे अडवत न्हाईत, टोक अडवतं. टोक बुडाला चपखल बसलं पायजे, मधी केसबी आला तर ऑइलला वाट मिळती. माझ्या टेपची चिंधी सरकून नेमकी टोकाखाली जाऊन बसली व्हती. टेपनं काही महिने दम धरला, मग ते थेंब थेंब सुटलं. रंगानं न्हाय, तुपानं न्हाय, आबांच्या हातानं न्हाय. हे एक वाक्य शिकायला मला एका माणसाला उकिरड्यात घालावं लागलं.

म्या हिकडं तिकडं बघितलं आन् चिंधी खिशात सारली.

"खिशात काय घातलं?"

"काय न्हाय. घाण."

"घाण खिशात घालत्यात व्हय?"

चंद्रकला उठून आली. हात पुढं केला. म्या चिंधी तिच्या हातावर ठिवली. तिनं उजेडाला धरून बघितली, कापड बघती तशी.

"तानाजीला काय सांगणार?"

"सांगतो की, गाडी नीट झाली."

"आन् आबांचं?"

"आबांचं काय?"

"पोरगं म्हणतंय बापाचा हात चालत न्हाय. तो चालतो का न्हाय ते ह्या चिंधीत हाय. ही तुमी गटारात टाकली तर म्हातारं जन्मभर वसरीला बसंल."

म्या म्हणलं, "पण मग माझ्या दुकानात कोण येईल?"

ती म्हणली, "अवो, आता तरी कोण तुमच्या अकलेला येतंय? जवळ हाय म्हणून येत्यात."

त्या दिवशी म्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलं, आन् ते काम एका स्क्रूचं व्हतं. आटे धुतले, बूड कापडाच्या वातीनं पुसलं, हवा मारली. नवा ब्लीडर घातला, टेप न्हाय, काय न्हाय. आवळला तो हातानं बसल्यावर पान्यानं बेतानं, लाडू वळताना दाबतो तेवढा. चंद्रकला लिव्हरला. "दाब, दाब, दाब. धर." "सोड." ह्या टायमाला तिनं इचारलं, "बंद केला का?" तर म्या म्हणलं, "तूच सांग." ती म्हणली, "व्हय, आता झाला." टोपी नवी घातली. जुन्या ट्यूबच्या पट्टीनं लिव्हर दाबून हँडलला बांधून ठिवली, खाली कोरा कागद आंथरला. सकाळपसनं सांजंपतुर कागद कोराच. दर घंट्याला म्या वाकून बघत व्हतो. सगळ्या उन्हाळ्याचं वाकणं एका दिवसात फेडलं.

दुसऱ्या दिवशी तानाजीनं दिलेल्या दुसऱ्या चावीनं आबांचीच गाडी चालू करून त्यांच्या गावाला निघालो. खिशात चिंधी, कागदाच्या पुडीत. वाटंनं बोलायची तयारी केली. उतार आला. पुढचा ब्रेक पक्का व्हता, माझ्या हातानं केलेला, दिवसभर तपासलेला. आन् कशाला खोटं बोलू, म्या मागचाच दाबला. पाय आपूआप गेला. मागचं चाक फरफटत, फुफाटा उडवत खाली आलो.

आबा वसरीला बसलेले. तिथनं उतार सगळा दिसतो. तानाजी दारातच व्हता. म्या गाडी लावली, पुडी काढली, चिंधी तानाजीच्या हातावर ठिवली.

"हे काय?"

"टेप. ब्लीडरच्या टोकाखाली घावली. म्याच घातलेली. ऑइल त्यानं गळत व्हतं. रंगानं काय झालं न्हाय. उलट रंगानंच दाखवलं कुठनं गळतंय, म्या बघितलं न्हाय. आबांनी दोनदा दाखवलं, दोनदा म्याच त्यांना परत धाडलं. त्यांच्या हाताची काय चूक न्हाय. उलट त्यांनी वळवली म्हणून लेकरं वाचली."

तानाजी चिंधीकडं बघत राहिला. मग बापाकडं. मग परत माझ्याकडं. "मग त्या दिवशी मुंडी कशाला हालवली?"

म्या म्हणलं, "सवय हाय."

तो आत गेला, आबांकडनं काढलेली चावी घेऊन आला, त्यांच्या मांडीवर ठिवली. गाडी मागणाऱ्या गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते बघतो म्हणला. आबांनी चावी मुठीत धरली. मला वाटलं, आता म्हातारा मला पाठीवर थाप मारणार. एवढं खरं बोलणारा मिस्त्री भूम तालुक्यात दुसरा कोण? म्या जरा छातीबी काढली.

"आबा, ब्रेक आता एक नंबर झालाय. समदी जबाबदारी माझी."

आबा काठी टेकून उठले. गाडीला एक फेरा मारला, कॅलिपरला बोट लावून बघितलं, बोट कोरडं. मग माझ्याकडं वळले.

"बबन, उतरताना मागचं चाक घासत आलास. पुढच्याला हात लावला न्हाईस."

"ते... सवय आबा."

"जबाबदारी तुझी न्हवं?"

"व्हय आबा, समदी."

"मग तू हितनं चालत जा आन् त्या उताराच्या बुडाशी, रस्त्याच्या मधोमध उभा रहा. म्या वरनं गाडी घेऊन येतो."